संपणारी यादी, न संपणारी यादी

पाचवीत विभाजक आणि विभाज्य शिकवून होतात, पुढच्या इयत्तांत मसावि आणि लसावि येतात, आणि दरवर्षी एक गोंधळ ठरलेला असतो. १२ आणि १८ यांचा मसावि विचारला की निम्मा वर्ग ३६ सांगतो आणि लसावि विचारला की ६. असं का, म्हणून विचारावं तर मुलं सरळ सांगतात: महत्तम म्हणजे मोठा, लघुतम म्हणजे लहान, मग मोठा आकडा मसावि का नाही? उत्तर चुकलेलं असतं, पण प्रश्न अगदी खरा असतो. त्याचं उत्तर न देता आपण भागाकाराची उभी मांडणी शिकवतो. मुलं ती रीत पाठ करतात, गुण मिळवतात, आणि प्रश्न तिथंच राहतो.

बीड जिल्ह्यातल्या मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी केलेली ही पुस्तिका त्या एका प्रश्नापासून सुरू होते. उत्तर थोडक्यात सांगता येतं. विभाजकांची यादी संपते, विभाज्यांची, म्हणजे पटींची, यादी संपत नाही. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६ आणि १२. सहा झाले, यादी बंद. १२ च्या पटी १२, २४, ३६, ४८ अशा कितीही लिहा, पुढची तयारच असते. आता १२ आणि १८ यांच्या सामाईक विभाजकांत सर्वांत लहान कोण, हे विचारण्यात काही राम नाही, कारण तो कायम १ च असणार. सर्वांत मोठा कोण हे विचारता येतं, कारण यादीला शेवट आहे. सामाईक पटींचं नेमकं उलटं आहे. ३६, ७२, १०८ या रांगेला शेवटच नाही, तेव्हा सर्वांत मोठी पट मागणं व्यर्थ. मागायचीच तर पहिली मागावी. एका यादीचा शेवट ६ आणि दुसऱ्या यादीची सुरुवात ३६, एवढीच ती गोष्ट आहे. हे एकदा पटलं की मसावि-लसाविची अदलाबदल मुलांकडून होत नाही, आणि झालीच तर त्यांची त्यांना कळते. संपणं आणि न संपणं आधी शिकवावं, रीत मागाहून शिकवावी, या मतावर मी ठाम आहे.

आता हे वर्गात दाखवायचं कसं? त्यासाठी चिंचोके पुरतात. आपल्याकडे ते फुकट मिळतात आणि प्रत्येक मुलाच्या ओळखीचे असतात. बारा चिंचोके द्यावेत आणि त्यांचा भरीव आयत करायला सांगावं: सगळ्या ओळी सारख्या, एकही चिंचोका बाहेर नको. बाराची एक ओळ होते, सहाच्या दोन होतात, चारच्या तीन होतात. ओळी आणि ओळीतले चिंचोके हेच १२ चे विभाजक. एका वर्गात एका मुलीच्या वाट्याला तेरा चिंचोके आले होते. तिनं दोन ओळी केल्या, एक उरला. तीन ओळी केल्या, एक उरला. चार केल्या, पुन्हा एक. पाच ओळींना तीन उरले, सहाला परत एक. तिनं पाचही वेळा मोडून नव्यानं मांडलं आणि शेवटी एक चिंचोका माझ्यापुढं धरून म्हणाली, "सर, हा एक जास्तीचा आलाय." ती चिकाटीनं तपासत होती आणि तिचं निरीक्षण बिनचूक होतं. मूळसंख्येची व्याख्या तिला अजून कुणी सांगितलेली नव्हती. तेराच्या वागण्यातून ती तिथवर पोचली होती. त्या दिवशी फळ्यावर व्याख्या लिहायला मला फार थोडे शब्द लागले.

आता छत्तीस चिंचोके घ्या. १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६. त्यापुढे नऊ ओळी केल्या तर चार-नऊचाच आयत आडवा पडतो, बारा ओळी केल्या तर तीन-बाराचा. नवं काही मिळत नाही. म्हणजे विभाजक शोधायला ३६ पर्यंत जावंच लागत नाही, सहापर्यंत गेलं की काम झालं, उरलेले जोडीदार म्हणून आपोआप हाती येतात. ९७ ही मूळसंख्या आहे का? दहा दाहे शंभर, म्हणजे दहाच्या आतच बघायचं. २, ३, ५, ७ यांनी भाग जात नाही, झालं. मुलांना यात विशेष आनंद होतो, कारण इथं कष्ट वाचतात. आणखी एक गोष्ट त्यांच्या लगेच ध्यानात येते. विभाजक जोडीजोडीनं येतात, म्हणून त्यांची संख्या बहुधा सम असते, पण ३६ चे नऊ निघतात, कारण सहाचा जोडीदार सहाच आहे. ज्या संख्येच्या विभाजकांची संख्या विषम, ती वर्गसंख्या. हे सांगण्याआधी ४९ आणि ५० यांचे विभाजक मोजायला लावा. सांगायची गरज उरली असेल तर नवल.

यादी संपतेच, हे उदाहरणांवरून मान्य करणं निराळं आणि ती संपलीच पाहिजे हे कळणं निराळं. त्याची सिद्धता दोन ओळींची आहे. समजा अ हा न चा विभाजक आहे. म्हणजे अ ला कोणत्या तरी पूर्ण संख्येनं गुणलं की न येतो. न शून्य नसेल तर ती दुसरी संख्याही शून्य नसणार, ती निदान १ असणार. तेव्हा अ हा न पेक्षा मोठा होऊ शकत नाही. १ पासून न पर्यंत संख्या मोजक्याच, त्यामुळे विभाजक मोजकेच. पटींना असं कुठलंच कुंपण नाही. कुणी म्हणालं की ही घ्या ७ ची शेवटची पट, तर तीत ७ मिळवायचे. सातवीतलं मूल हे पुरतं समजू शकतं. ते त्याच्यापासून लपवून ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

पटींच्या बाबतीत आपण नकळत एक चुकीचा ग्रह मुलांच्या मनात रुजवतो. पाढा दहावर थांबतो. बे एके बे पासून बे दाहे वीस पर्यंत आलं की मूल श्वास घेतं आणि तीनच्या पाढ्याकडे वळतं. शेकडो वेळा असं म्हटल्यावर दोनच्या पटी दहाच असतात, असा समज झाला तर दोष कुणाचा? 'चारच्या किती पटी आहेत?' या प्रश्नाला 'दहा' हे उत्तर किती मुलं देतात, हे कोणत्याही शाळेत विचारून बघावं. यावर उपाय साधा आहे. पाढा म्हणून झाला की रोज एका मुलानं अकरावी, बारावी, शंभरावी पट सांगायची. जुन्या पिढीचे लोक तीसपर्यंत पाढे म्हणत आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणत. साडेतिनाचा पाढा डोक्यात असलेल्या माणसाला पट ही फक्त पूर्ण संख्येची मिरास नाही, हे कधी सांगावं लागलं नाही. त्या पाठांतरात जाच होता, मारही होता, त्याचे गोडवे गायचे नाहीत. पण संख्यांची सलगी त्यातून यायची, हेही खरं.

ती सलगी बाजारातून आलेली होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पई, म्हणजे रुपयाच्या १९२ पई. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, पण नाणं निजामाचं असो की इंग्रजांचं, आणे सोळाच. १९२ चे विभाजक चौदा आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १०० चे विभाजक नऊच, आणि त्यांत ३ नाही. जुन्या रुपयाची तीन भावांत वाटणी केली तर प्रत्येकाला पाच आणे चार पई बरोबर मिळत, नव्या रुपयात एक पैसा कुणाच्या तरी हातात उरतोच. दशमान पद्धतीचे फायदे मोठे आहेत आणि मी तिच्या बाजूनंच आहे. तरी सोळा, बारा, चाळीस, साठ या संख्या जुन्या मापांत पुन्हा पुन्हा का दिसतात, हे मुलांना कळलं पाहिजे. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी, साठ घटकांचा दिवस. ज्यांना रोज वाटण्या करायच्या होत्या, त्यांनी पुष्कळ विभाजकांच्या संख्या निवडल्या. साठला १ ते ६ पर्यंत सगळ्यांनी भाग जातो आणि त्याचे विभाजक बारा, शंभरपेक्षा तीन जास्त. आपल्या आधीच्या सर्व संख्यांपेक्षा ज्यांचे विभाजक अधिक, अशा संख्यांवर श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध प्रसिद्ध केला. १२, २४, ३६, ४८, ६० या त्या मालिकेतल्याच.

उलट बाजूच्या संख्याही जिल्ह्यात रोज समोर येतात. बीडच्या गाड्यांवर एमएच २३ असतं आणि २३ ही मूळसंख्या. अंबाजोगाईच्या गाड्यांवर एमएच ४४, तिचे विभाजक सहा. जिल्ह्याचे तालुके अकरा: बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणी, केज, अंबाजोगाई आणि परळी. तालुक्यांचे सारखे गट पाडायला गेलात तर एक तर सगळे एकत्र ठेवा नाही तर प्रत्येक वेगळा. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा नंबर वाचून त्याचे अवयव पाडणं हा खेळ मुलांना लागला की तो सुटत नाही.

आता पुस्तिकेच्या मधल्या भागाविषयी, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. समजा गावात नळाला दर पाचव्या दिवशी पाणी येतं आणि आठवडी बाजार दर सातव्या दिवशी भरतो. आज नळ आला, बाजार आणखी तीन दिवसांनी आहे. नळ आणि बाजार एकाच दिवशी कधी येतील? ज्या घरात एकच बाई पाणीही भरते आणि बाजारही करते, त्या घरात हा प्रश्न कागदावरचा नसतो. नळाचे दिवस आजपासून ५, १०, १५, २०. बाजाराचे ३, १०, १७, २४. दहाव्या दिवशी दोन्ही. पुढे पाच आणि सात यांचा लसावि ३५, म्हणून पंचेचाळिसाव्या दिवशी पुन्हा, ऐंशीव्या दिवशी पुन्हा, आणि नळाची पाळी बदलली नाही तर असंच अखंड. उन्हाळ्यात ती पाळी किती लांबते हे बीडकरांना सांगायला नको. तेव्हा गणित नव्यानं मांडावं लागतं.

या जातीच्या प्रश्नांना आपल्याकडे कुट्टक म्हणतात. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटानं त्याची रीत दिली, आणि शके १०७२ म्हणजे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ती उदाहरणांसह उलगडून सांगितली. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा. आपलं गाव त्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगितलं आहे. हे विज्जडविड म्हणजे बीड, असं काही अभ्यासकांनी मानलं, आणि बालाघाट ही सह्याद्रीचीच रांग असल्यानं बीडकरांना ते पटणारंही आहे. दुसऱ्या बाजूला चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची हकीकत त्यात आहे. हा पुरावा वजनदार आहे आणि तो खानदेशाच्या बाजूनं झुकतो. गावाचा वाद विद्वानांनी जरूर चालवावा. ज्या जिल्ह्यानं भास्कराचार्यांवर हक्क सांगितला, त्या जिल्ह्यातल्या मुलांना त्यांचं एक तरी उदाहरण सोडवता यावं, एवढीच माझी इच्छा आहे, म्हणून ते या पुस्तिकेत घेतलं आहे.

उदाहरण असं: २२१ ला कोणत्या संख्येनं गुणून त्यात ६५ मिळवले तर १९५ नं नि:शेष भाग जाईल? पहिलं पाऊल म्हणजे २२१ आणि १९५ एकमेकांनी भागत जाणं. २२१ मधून १९५ गेले, उरले २६. १९५ मधून २६ सात वेळा गेले, उरले १३. २६ मधून १३ दोन वेळा गेले, काही उरलं नाही. म्हणून १३ हा दोघांचा मसावि. हे भागणं कधी ना कधी थांबतंच, कारण प्रत्येक बाकी आधीच्या बाकीपेक्षा लहान होत जाते आणि शून्याच्या खाली जाता येत नाही. ६५ लाही १३ नं भाग जातो, तेव्हा तिन्ही संख्या तेरानं उतरवायच्या: १७, ५ आणि १५. प्रश्न उरला एवढाच की १७ ला कशानं गुणून ५ मिळवले तर १५ नं भाग जाईल. पाचानं गुणलं तर ८५, त्यात ५ मिळवले की ९०, म्हणजे पंधरा सक नव्वद. उत्तर ५. पण ते एकटं उत्तर नव्हे. त्यात १५ मिळवले की २०, आणखी १५ मिळवले की ३५. २२१ ला २० नं गुणून ६५ मिळवले तर ४४८५ होतात, आणि १९५ × २३ बरोबर तेवढेच. उत्तरांची ही रांग कधीच संपत नाही, आणि हे भास्कराचार्यांनी सांगूनच ठेवलं आहे.

आता ६५ च्या जागी ६४ ठेवा. २२१ आणि १९५ दोन्ही तेराच्या पटी, त्यामुळे ६४ ही तेराची पट असल्याशिवाय बेरीज जमणार नाही. ती तशी नाही, तेव्हा एकही उत्तर नाही. असा प्रश्न मांडणंच सदोष, असं भास्कराचार्य म्हणतात. मला या ठिकाणी दरवेळी थांबावंसं वाटतं. उत्तरं एक तर मुळीच नाहीत नाही तर अगणित, मधलं काही नाही, आणि यांतलं कोणतं हे ठरवणारा तेरा हा आकडा तीन भागाकारांत हाती येतो. मसावि मर्यादित यादीचं टोक, पटी अमर्याद यादी, आणि त्या दोघांची गाठ कुट्टकात अशी पडते. ग्रहगणितासाठी आपल्या ज्योतिर्विदांनी याचा उपयोग केला, कारण वेगवेगळ्या गतीचे ग्रह पुन्हा एका रेषेत कधी येतील हाही नळ आणि बाजाराचाच प्रश्न. मसावि-लसावि शिकताना मुलांना हे दिसलं तर त्या धड्याची गोडी वाढेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

'लीलावती'तलं आणखी एक लहान उदाहरण लहान मुलांसाठी आहे: १३५ गुणिले १२. भास्कराचार्य ते अनेक वाटांनी करून दाखवतात. बाराचे ८ आणि ४ असे तुकडे करून, किंवा ३ आणि ४ हे अवयव घेऊन आधी तिनानं गुणायचं, ४०५, मग चारानं, १६२०. उलट जाताना १६२० ला १२ नं भागायचं तर दोन्हीकडून ४ काढून टाकायचे आणि ४०५ ला ३ नं भागायचं. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही सूचना आजच्या तोंडी हिशोबालाही लागू पडते.

शून्याबद्दल शिक्षक सहसा बोलत नाहीत, कारण पाठ्यपुस्तकातली विभाजकांची चर्चा नैसर्गिक संख्यांपुरती असते. मुलं मात्र विचारतात, आणि विचारलं की टाळू नये. शून्याला ५ नं भागलं तर भागाकार शून्य, बाकी शून्य. म्हणजे ५ हा शून्याचा विभाजक. ७ सुद्धा, १००० सुद्धा, कोणतीही संख्या घ्या. शून्याचे विभाजक अगणित. आणि शून्याच्या पटी? शून्य एके शून्य, शून्य दुणे शून्य. एकच पट. बाकी सर्व संख्यांचे विभाजक मोजके आणि पटी अगणित, शून्याचं नेमकं उलटं. वरची सिद्धता इथं का चालली नाही, हे मुलांना शोधायला लावा: 'न शून्य नसेल तर' ही अट तिथं उगाच घातलेली नव्हती. शून्यानं भागण्याचा प्रश्न यापेक्षा वेगळा. त्यातून येणाऱ्या राशीला भास्कराचार्य 'बीजगणिता'त खहर म्हणतात आणि तीत काही मिळवलं किंवा वजा केलं तरी ती बदलत नाही, जसा सृष्टीच्या उत्पत्ती-प्रलयात अनंत अच्युत बदलत नाही, अशी उपमा देतात. आजचं गणित शून्यानं भागणं मान्य करत नाही. तरीही अमर्याद राशीतून काढून घेतलं तरी ती तेवढीच राहते, ही जाण त्यात आहे, आणि ती खोल आहे.

कारण पटींच्या यादीत हेच घडतं. सातच्या पटी सगळ्या संख्यांपेक्षा कमी असणार, असं वाटतं, सातांत एकच तर पट. पण १ च्या खाली ७ लिहा, २ च्या खाली १४, ३ च्या खाली २१, आणि चालत राहा. वरच्या ओळीतल्या प्रत्येक संख्येला खाली जोडीदार मिळतो, खालच्या प्रत्येकीला वर. कोण जास्त? गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात वर्गसंख्यांबाबत हाच पेच मांडला होता. आठवीच्या वर्गात हा तक्ता फळ्यावर काढावा आणि मुलांना भांडू द्यावं. घाईनं निकाल देऊ नये.

मूळसंख्याही अगणित आहेत, हे युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास दाखवलं. त्याची युक्ती सांगताना एक चूक वर्गावर्गातून ऐकू येते, ती इथं नोंदवतो. सगळ्या माहीत असलेल्या मूळसंख्यांचा गुणाकार करून १ मिळवला की नवी मूळसंख्या मिळते, असं सांगितलं जातं. २ × ३ × ५ × ७ + १ = २११ ही मूळसंख्या आहे खरी. पण १३ पर्यंत गेलात तर ३००३१ येते आणि ती ५९ × ५०९ आहे. युक्लिडचं म्हणणं एवढंच की त्या नव्या संख्येचा कोणताही मूळ अवयव जुन्या यादीत नसतो. ५९ आणि ५०९ नव्हतेच. मुलांना अर्धवट खरं सांगितलं की पुढं तेच आड येतं.

ही पुस्तिका अशी का बेतली, ते आता सांगतो. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलकडे परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्या माणसाला अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत टोळी कोयत्यांनी मोजली जाते: अठरा कोयते म्हणजे छत्तीस माणसं, आणि कोयते पूर्ण असतील तोवर माणसं दोनच्या पटीतच. उचल कोयत्यावर, फेडणं टनावर. मुलं या हिशोबात कुठंच नसतात, तरी ती बरोबर असतात. पाचवीतला विभाज्यांचा धडा निघतो तेव्हा पुष्कळांची पटावर नावं असतात आणि ती स्वतः कुठल्या तरी कारखान्याच्या पट्ट्यात कोपीवर असतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं गावातच थांबतात, हा मोठा दिलासा आहे. पण जी जातात त्यांचं चार-पाच महिन्यांचं गणित बुडतं, आणि सहावीत लसावि आला की ती मागच्या बाकावर गप्प बसतात.

म्हणून इथल्या प्रत्येक पाठाला साहित्य लागतं ते चिंचोके, खडे किंवा उसाच्या पेरांचे तुकडे एवढंच. प्रत्येक पाठ एकेका पानात संपतो, आधीचं पान आठवत नसलं तरी चालतं. फडावरून परत आलेल्या मुलानं मधलं कोणतंही पान उघडावं आणि तिथून सुरू करावं. वाढ्यांच्या मोळ्या किती आणि प्रत्येकीत किती, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. गटात मांडणं, समान वाटणं, काय उरलं ते बघणं, हे त्याचं रोजचं काम. शिक्षकांनी त्याच्या त्या अनुभवापासूनच धडा सुरू करावा. मागास विद्यार्थी अशी नोंद करून मोकळं होऊ नये, असं मी त्यांना हात जोडून सांगतो.

लहान साधनांनी मोठं गणित होतं, याचा दाखला महाराष्ट्रात आहेच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे, आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. आपल्या अंकांच्या बेरजेनं जिला नि:शेष भाग जातो त्या संख्येला त्यांनी हर्षद हे नाव दिलं. १८ घ्या: १ आणि ८ मिळून ९, अठराला नवानं भाग जातो. त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. चार अंक, सगळे सारखे नसलेले, उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा, शेवटी ६१७४ येते आणि तिथंच राहते. ६१७४ स्वतः हर्षद आहे का, हे मुलांनी तपासावं. अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ भागिले १८ बरोबर ३४३, म्हणजे ७ × ७ × ७.

शेवटच्या पानावर ४९६ ही संख्या दिली आहे. ६ चे स्वतः सोडून बाकीचे विभाजक १, २, ३, त्यांची बेरीज ६. २८ चेही तसंच: १, २, ४, ७, १४ मिळून २८. अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात. ४९६ परिपूर्ण आहे का, हे चिंचोक्यांवाचून, कागद-पेन्सिलीनं एका तासिकेत होतं. तिचे विभाजक दहा. त्यानंतर मुलं विचारतील की अशा संख्या एकूण किती, आणि एखादी विषम परिपूर्ण संख्या असते का. शिक्षकांनी त्यांना खरं ते सांगावं: आजपर्यंत सापडलेल्या सगळ्या सम आहेत, विषम एकही सापडलेली नाही, ती असूच शकत नाही असंही कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि परिपूर्ण संख्यांची यादी संपते की नाही हे जगात अजून कुणालाही ठाऊक नाही.